फिशटँकमधलं प्लास्टिकचं रान काढावं की राहू द्यावं?

बोडीकाठ (अर्जुनी मोरगाव तालुका)
घरी अडीच फुटी टँक आहे, त्यात गप्पी आणि मोली मासे. त्यातली हिरवी-गुलाबी प्लास्टिकची झाडं काढून खरी लावायची ठरवलंय. घरातले म्हणतात, चांगलं चाललंय तर कशाला हात लावता! माझं म्हणणं असं की जिथं गावोगाव तलाव-बोड्या आहेत, तिथल्या माणसानं नागपूरहून प्लास्टिकचं गवत विकत आणून पाण्यात रोवणं शोभत नाही.

दिसण्याचं सोडा. माशांची घाण आणि उरलेलं खाद्य यातून माशांना विषारी असा अमोनिया होतो. फिल्टरच्या स्पंजातले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात आणि ते नायट्रेट पाण्यात साचत जातं. खरी झाडं अमोनियाही ओढतात, नायट्रेटही. प्लास्टिक काय करतं? शेवाळ धरतं, मग रविवारी ब्रश घेऊन बसा. हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, सेराटोफायलम ही तिन्ही पाणझाडं आपल्याच तलावांतली. पटत नसेल त्यांनी बोला.

खारपाण (दर्यापूर)
नाही पटत. तुमच्याकडे गोडं पाणी आहे म्हणून हे सुचतं. आमचा पूर्णा नदीकाठचा खारपाण पट्टा, बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. मोली त्यात मजेत राहते, नाजूक झाडं गळतात. शिवाय हिवाळ्यात माशांवर पांढरे ठिपके आले की आपण सगळे काय टाकतो? खडेमीठ. झाडं असली की मीठ टाकताना हात आखडतो आणि तेवढ्यात मासा जातो.

पण माझा खरा आक्षेप उन्हाळ्यावर आहे. मे महिन्यात खोलीतलं पाणी ३५ अंशाला टेकतं. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, ३५ ला जेमतेम ७. दिवसा झाडं ऑक्सिजन देतात हे शाळेत सगळ्यांनीच वाचलंय, रात्री तीच झाडं तो घेतात हे लोक विसरतात. त्यात रात्री लाइन गेली, पंप बंद. पहाटे मासे वर येऊन तोंड मारत असतात. प्लास्टिक निदान माशाचा श्वास तरी घेत नाही.

बोडीकाठ
मुद्दा बरोबर, निष्कर्ष चुकीचा. रात्री ऑक्सिजन कमी पडतो तो झाडांपेक्षा जास्त माशांमुळे. दोन फुटी टँकमध्ये चाळीस गप्पी कोंबल्या तर प्लास्टिक असूनही मरणारच. मासे कमी ठेवा, पाणी काठोकाठ भरू नका, काचेचं झाकण काढून वर जाळी टाका, बॅटरीवर चालणारा छोटा पंप घेऊन ठेवा. हे सगळं प्लास्टिकवाल्यालाही करावंच लागतं.

खाऱ्या पाण्याचं म्हणाल तर हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया थोडाफार खारटपणा सोसतात. जावा मॉससारखी दुकानातली नखरेल झाडं आपल्या उन्हाळ्यात कुजतात, ती मी सुचवलीच नाहीत. आणि ठिपके आलेला मासा बादलीत वेगळा काढून मीठ द्यावं. अख्ख्या टँकला कशाला?

कपाशीवाला (वणीकडचा)
तुमी दोघं भांडून रायले, पण झाड आणणार कुठून हे कोणी सांगून नाही रायलं. आमच्या इकडे पाऊस लागला की कपाशीवर फवारणी सुरू. सायपरमेथ्रिन, लॅम्डा सायहॅलोथ्रिन, ही औषधं मासोयीसाठी भयंकर, थेंबभरही पुरते. फवारणीचा पंप धुतलेलं पाणी जाते कुठं? धुऱ्याच्या नाल्यात. त्याच नाल्यातली हिरवीगार वेल पाहून पोट्टे हरखतात, घरी आणून टाकतात, अन् सकाळी मासे आडवे.

लाल औषधाच्या फिक्या पाण्यात बुडवलं की झालं, असं समजू नका. पोटॅशियम परमँगनेटनं जंतू मरतील, पानात गेलेलं कीटकनाशक त्यानं निघत नाही. गोगलगाईची अंडी बी चिकटलेली राहतात. चतुराची अळी आली तं पिल्लं एकेक करून खाते. झाड आधी बादलीत वेगळं ठेवा, पाणी बदलत राहा, मंग त्यात दोन गप्पी सोडून पाहा. एवढी झंझट नसन करायची तं प्लास्टिक काय वाईट आहे जी?

मामातलाव (साकोली)
बोडीकाठ भाऊ, तुमच्या बाजूनं बोलायला आले होते, पण “आपल्याच तलावांतली” वाचून थांबले. तलावातली ही झाडं फुकटची नाहीत. मासे त्यांच्यात अंडी घालतात, पिल्लं त्यांच्यातच लपून वाढतात. भंडारा-गोंदियात मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाच्या बाया मामा (माजी मालगुजारी) तलावांतलं बेशरमाचं झुडूप उपटून हीच देशी झाडं पुन्हा लावतात, ओल्या चिखलात उभ्या राहून. तुम्ही जाऊन पोतंभर उपसून आणू नका. हायड्रिलाची चार बोटांची कांडी पुरते, तुकड्यातून रोप होतं.

आणि उलट दिशेची काळजी त्याहून मोठी. दुकानातलं झाड वाढलं की लोक छाटून नाल्यात टाकतात, मोठा झालेला सकर मासाही सोडून देतात. जलकुंभी दक्षिण अमेरिकेतली, शोभेसाठी म्हणूनच आली होती. आज तलावावर पसरलेली दिसते ना? छाटलेलं उन्हात वाळवा, मग खतात टाका. पाण्यात नको.

बोडीकाठ
ताई, कांडीच आणतो, तीही शेतापासून लांबच्या बोडीतून. बादलीचं कपाशीवाल्या भाऊंचं म्हणणं डोक्यावर. एक आमच्याकडून: काळी माती तळाला घालू नका. ती फुगते, पाणी गढूळ करते आणि शेतातली असली तर खतही सोबत येतं. धुतलेली रेती बरी. दिवा सहा ते आठ तास पुरे, त्यापुढे शेवाळाचं राज्य. गोल्डफिश असेल तर हायड्रिला रोपासाठी नाही, चाऱ्यासाठीच लावतोय असं समजा.

प्लास्टिक एका दिवसात सगळं काढणार नाही. त्याच्या पानांवरही ते कामाचे जिवाणू बसलेले असतात, स्पंजात असतात तसेच. सगळं एकदम गेलं आणि त्याच दिवशी फिल्टरही धुतला तर अमोनिया चढतो. म्हणून आता एका बाजूचं काढतो, नवी झाडं रुजली की उरलेलं.

खारपाण (दर्यापूर)
म्हणजे अर्धं प्लास्टिक राहणार. एवढं बोलून माझंच म्हणणं मान्य केलंत.

बोडीकाठ
महिनाभर राहील हो.

कपाशीवाला (वणीकडचा)
बॅटरीच्या पंपाले सेल कोणते लागतात ते सांगा आधी. आमच्या इकडे आज बी लाइन नाही.