पाटबंधारे महामंडळं मोडून खोऱ्यानुसार नवी मांडणी करायला हवी का?

नदीकाठ (धागाकर्ता)

डिसेंबर २०२४ च्या खातेवाटपात जलसंपदा खात्याला दोन मंत्री मिळाले. गोदावरी आणि कृष्णा खोरं विखे पाटलांकडे. विदर्भ, तापी, कोकण महाजनांकडे. आता जरा नकाशा उघडा. वर्धा, वैनगंगा, पैनगंगा यांचं पाणी शेवटी गोदावरीलाच मिळतं, पण कारभार विदर्भ महामंडळाचा. अकोल्याकडची पूर्णा तापीची उपनदी, तीही विदर्भ महामंडळातच. उलट धाराशिवचा सीनेकडचा पट्टा कृष्णा खोऱ्यातला, तर कृष्णा-मराठवाडा प्रकल्प गोदावरी महामंडळाकडे. नावात खोरं, हद्द मात्र राजकारणाची.

मुळात ही महामंडळं पाणी वाटायला काढलीच नव्हती. कृष्णेचं पाणी राज्यांत वाटणाऱ्या बच्छावत लवादाने महाराष्ट्राला दिलेलं ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मे २००० च्या आत अडवायचं म्हणून १९९६ साली कृष्णा खोरे महामंडळ काढलं आणि रोखे विकून पैसा उभा केला. बाकीची चार त्याच्या मागोमाग आली. पुढे २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने व्याख्येतल्या एका ओळीत त्यांनाच 'नदी खोरे अभिकरण' करून टाकलं. काल ठेकेदारांची बिलं काढणारं ऑफिस आज खोऱ्याचं विश्वस्त!

माझं मत: हद्दी पाणलोटानुसार आखा, बांधकामाचं खातं आणि पाणीवाटपाचं खातं वेगळं करा, भूजलही त्याच छताखाली आणा.

निवृत्त शाखाधिकारी

रोग बरोबर ओळखलात, औषध चुकलं. पाणी चारीवर, म्हणजे शेतापर्यंतच्या छोट्या कालव्यावर वाटलं जातं हो, मंत्रालयात नाही.

रब्बीचं आवर्तन (कालव्याच्या पाण्याची पाळी) सुटलं की काय होतं ते सांगतो. वितरिकेच्या दाराचं चाक जागेवर नसतं, दार कधीचं उचकटलेलं. प्रवाह मोजायची पट्टी गाळात. पाणी मागायचे नमुना सातचे अर्ज मूठभर, भिजलेलं क्षेत्र कितीतरी जास्त. कालवा निरीक्षक निवृत्त झाला की त्याची जागा भरत नाहीत, शेजारच्याच्या गळ्यात त्याचं बीट. तो बिनअर्जी पाण्याचा पंचनामा करायला गेला की कुणाचा तरी फोन येतो. शेजपाळी (शेतवार पाण्याची पाळी) कागदावर टेलकडून, म्हणजे कालव्याच्या शेवटाकडून, हेडकडे, प्रत्यक्षात ज्याची मोटर मोठी त्याची पाळी.

२०१७ मध्ये मृद व जलसंधारण विभाग वेगळा केला, ६०० हेक्टरपर्यंतच्या योजना तिकडे दिल्या. त्याने कोणत्या पाझर तलावाची गळती थांबली? फेररचना म्हणजे दोन वर्षं फक्त बदल्या, ज्येष्ठता यादी आणि कोर्टकज्जे. तेवढ्या काळात दारं बसवून होतील.

टेलचा माणूस, पैठण

साहेब, तुमच्या चारीला निदान पाणी तरी येतं. आमच्याकडे प्रश्न धरणापासूनच सुरू होतो.

२००५ च्याच कायद्यात कलम १२(६)(ग) आहे: टंचाईचं वर्ष असेल तर खोऱ्यातल्या सगळ्या धरणांचे साठे ऑक्टोबरअखेर समन्यायी, म्हणजे टक्केवारीने साधारण सारखे करायचे. त्यासाठी नेमलेल्या मेंढेगिरी समितीने तक्ते करून दिले, आमचं जायकवाडी धरण ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं असा हिशेब ठरला, २०१६ साली हायकोर्टानेही शिक्कामोर्तब केलं. तरी २०२३ मध्ये काय झालं? ८.६ टीएमसी सोडायचा आदेश ३० ऑक्टोबरला निघाला आणि पाणी सुटायला नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा उजाडला. मधल्या काळात वर मोर्चे, खाली मोर्चे. कोरड्या पात्रात आणि वाटेतल्या बंधाऱ्यांत किती मुरलं ते वेगळंच. म्हणून मला नदीकाठ यांचं पटतं. पाणी सोडणारा माणूस स्थानिक पुढाऱ्यांच्या हाताबाहेरचा हवा.

निवृत्त शाखाधिकारी

दादा, तुम्ही माझीच बाजू मांडलीत. गंगापूर, दारणा, मुळा, भंडारदरा आणि जायकवाडी ही सगळी एकाच गोदावरी महामंडळात आहेत. म्हणजे नदीकाठ यांना हवं तसं, वरचं-खालचं एका छताखाली! तिथेच सगळ्यात जास्त मारामारी.

बंगालवासी मराठी

इकडचा अनुभव सांगतो. दामोदर व्हॅली कॉर्पोरेशन १९४८ सालचं, अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याच्या धर्तीवर काढलेलं. पूर, सिंचन, वीज, सगळं एका संस्थेकडे. आज ती प्रामुख्याने औष्णिक वीज बनवते, कालवे १९६४ सालीच बंगाल सरकारकडे गेले. मैथन-पंचेत धरणांमधून किती पाणी सोडायचं यावरून पावसाळ्यात राज्याची आणि कॉर्पोरेशनची जुंपते ती जुंपतेच. संस्था खोऱ्याची होती, पण पोट विजेवर भरत होतं, मग ती तिकडेच झुकणार.

पुणेरी पाहुणा

खोऱ्यानुसार म्हणताय तर मुळशीचं बोला. टाटांच्या धरणांतलं भीमा खोऱ्यातलं पाणी वीज करून घाटाखाली जातं. ते कुणाच्या वहीत लिहिणार?

नदीकाठ (धागाकर्ता)

मुळशीचं कृष्णेच्याच वहीत, वापर म्हणून. कोयनेचं वीजनिर्मितीला पश्चिमेकडे वळवलेलं पाणीही तसंच.

शाखाधिकारी साहेब, गोदावरीत छत एक आहे हे कबूल. पण त्या महामंडळाच्या संचालक मंडळाचा अध्यक्ष जलसंपदामंत्री आणि खालचे अभियंते मंत्रालयाच्या बदली-यादीतले. असं महामंडळ मंत्र्याच्या जिल्ह्यातलं धरण उघडायला कचरणारच. हद्द आखणं हा अर्धा भाग, नेमणूक मंत्र्याच्या हातून काढणं हा उरलेला. आणि दामोदरवाल्यांचा धडा घ्यायचाच तर पैशाचा घ्या: पाणीपट्टी खोऱ्यातच राहू द्या, त्यातूनच तुमच्या निरीक्षकांचे पगार भागवा.

टेलचा माणूस, पैठण

पाणीपट्टीतून पगार? मग वसुली फक्त कारखान्यांकडून आणि शहरांकडून होईल, आणि निरीक्षक त्यांचंच ऐकेल. त्यापेक्षा मंत्री परवडला, त्याला पाच वर्षांनी मतं तरी मागावी लागतात.