चहा-कॉफी आणि तंबाखू कमी करताना तुम्ही काय केलेत?

काल कपाट आवरताना जुन्या कोटाच्या खिशात सिगारेटचे चुरगळलेले पाकीट सापडले आणि सोडल्यानंतरचा पहिला आठवडा डोळ्यांसमोर उभा राहिला. हात थरथरत, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नसे, आणि हा सगळा निकोटिनचा त्रास आहे असे समजून मी कॉफी मात्र तेवढीच पीत राहिले. सिगारेटच्या धुरामुळे यकृत कॅफिनचा निचरा लवकर करते आणि धूर थांबला की तेवढ्याच कॉफीने रक्तातले कॅफिन जवळपास दुप्पट होऊ शकते, हे मला डॉक्टरांकडून फार उशिरा कळले. कॉफी निम्मी केली, उरलेल्या वेळी भाजलेल्या चिकोरीचे (कॅफिन नसलेल्या, कॉफीसारख्या चवीच्या मुळाचे) पेय घेतले, तेव्हा कुठे झोप लागू लागली. तुमचेही अनुभव लिहा.

प्रतिसाद १
मी चहा एका दिवसात बंद केला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी डोके असे ठणकले की पडदे ओढून पडून राहावे लागले. नंतर कप तोच ठेवून दर तीन-चार दिवसांनी चहापत्ती चिमूटभर कमी करत गेलो, तेव्हा डोके दुखले नाही. मधल्या काळात ग्रीन टी हा उपाय समजत होतो, पण त्यातही कॅफिन असतेच.

प्रतिसाद २
माझी तंबाखू चघळण्याची सवय वीस वर्षांची होती. डबी तीच ठेवून आत बडीशेप भरली, पण झाकण उघडताच जुना वास यायचा आणि तळहातावर अंगठा आपोआप फिरू लागायचा, म्हणून शेवटी डबीच टाकून दिली. बडीशेपेने तोंड गुंतले, तलफ मात्र डॉक्टरांनी दिलेल्या निकोटिनच्या च्युइंगगमनेच आटोक्यात आली, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे.

प्रतिसाद ३
दादा, डबी टाकलीत हे फार चांगले केलेत. मी वनौषधींच्या सिगारेटी ओढून पाहिल्या, परंतु खोकला तसाच राहिला, कारण निकोटिन नसले तरी जळणाऱ्या पानांतून डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड निघतातच. नैसर्गिक या शब्दावर मी डोळे झाकून विश्वास ठेवला, याचे आजही वाईट वाटते.

प्रतिसाद ४
ज्येष्ठमधाच्या काड्या दिवसभर चघळणाऱ्यांनी रक्तदाब तपासत राहावा, ही कळकळीची विनंती. त्यातील ग्लिसरायझिन या गोड घटकामुळे शरीरातले पोटॅशियम घटते आणि दाब वाढतो. माझा वाढला होता. ताई, चिकोरीचे प्रमाण किती ठेवता?

धागाकर्ती
एका कपाला सपाट चमचाभर. जास्त घेतल्यास कडवट होते.