डिस्ट्रिब्युटरची लेव्हल आणि कमी लोड

पॅक्ड कॉलमचा (मिश्रण वेगळं करणारा टॉवर) लोड, म्हणजे त्यातून जाणारा फ्लो, कमी केला की प्रॉडक्टची प्युरिटी पडते, यावर इथे कुणीतरी म्हटलंय की पॅकिंग (कॉलमच्या आतला भराव, ज्यावरून लिक्विड खाली उतरतं) खराब झालंय, बदलून टाका. मला नाही पटत. पॅकिंगच गेलं असतं तर फुल लोडलाही रडगाणं असतंच ना. ड्रिप पॉइंट (पॅकिंगवर लिक्विड पडायच्या जागा) वाढवायचा दुसरा सल्ला चांगलाय, पण त्याआधी डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे पॅकिंगवर लिक्विड सारखं वाटणाऱ्या भोकवाल्या भागाची, लेव्हल बघा, तो आडवा सरळ बसलाय का ते; हा मुद्दा इथे कुणी काढलाच नाही. भोकातून पडणारा फ्लो हेडच्या (भोकावर उभ्या लिक्विडची उंची) वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, म्हणजे फुल लोडला भोकांवर १०० मिमी लिक्विड उभं असेल तर निम्म्या लोडला फक्त २५ मिमी उरतं, आणि डिस्ट्रिब्युटर एका टोकाला नुसता ५ मिमी खाली बसला असेल तर दोन टोकांच्या फ्लोमधला फरक फुल लोडला जेमतेम अडीच टक्के पण निम्म्या लोडला तोच थेट १० टक्के! एवढं वाकडं वाटप पॅकिंग सहजासहजी सावरत नाही, त्यातून हाय प्युरिटी म्हणजे तर विचारूच नका.

आमच्याकडे डिस्ट्रिब्युटर कॉलममध्ये चढवायच्या आधी बाहेर स्टँडवर मांडून पाण्याने टेस्ट करतात, प्रत्येक ट्रफखाली (डिस्ट्रिब्युटरची भोकवाली पन्हाळ) बादली आणि हातात स्टॉपवॉच. माझा आग्रह असतो की ही टेस्ट फुल फ्लोला करून थांबू नका, मिनिमम फ्लोलाही कराच, कारण खरी गडबड तिथेच दिसते, एका बाजूच्या भोकांतून नीट धार पडते आणि दुसरीकडे नुसते थेंब. आणि आत बसवल्यावर लेव्हल परत मोजायची, डिस्ट्रिब्युटर ज्यावर टेकतो ती सपोर्ट रिंग सरळच असेल असं धरून चालू नये.