पॅरालिसिसनंतर वडिलांना बोलता येत नाही, फेरफाराच्या सुनावणीत सोबत कुणी बसू शकतं का?

बागवाली, तासगाव:
अण्णांना गेल्या वर्षी पॅरालिसिसचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. समजतं सगळं, पण शब्द ओठाशी येऊन अडतो आणि घाई केली की "हो"च्या जागी "नाही" निघतं. द्राक्षबागेच्या फेरफाराला चुलत्यांनी हरकत घेतली, म्हणून नोंद तक्रारीत गेली. मागच्या तारखेला मला दाराबाहेर थांबवलं. साहेबांनी जुनं वाटणीपत्र पुढं धरून विचारलं, "ही सही तुमचीच ना?" अण्णा म्हणाले "नाही", आणि लगेच डावा हात जोरजोरात हलवत राहिले. रोजनाम्यात, म्हणजे सुनावणीच्या नोंदीत, आलं फक्त "सही नाकारली". पुढच्या तारखेला मी शेजारी बसू शकते का?

निवृत्त अव्वल कारकून:
ताई, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016, कलम 12 बघा. ते फक्त कोर्टापुरतं नाही, अर्धन्यायिक अधिकार असलेल्या, म्हणजे कोर्टासारखा निवाडा देणाऱ्या, प्रत्येक प्राधिकरणाला धरून आहे. तक्रारी नोंदीची सुनावणी त्यातच येते. दिव्यांगाचं म्हणणं त्याला जमेल त्या पद्धतीनं नोंदवून घ्यायची सोय शासनानं करायची आहे. वाचाघाताचा, म्हणजे अण्णांसारखं बोलणं जाण्याचा, उल्लेख तर कायद्याच्या अनुसूचीतच आहे.

तोंडी विनंती करू नका. तारखेच्या आधी अर्ज द्या, पोच घ्या, डॉक्टरांचं पत्र जोडा. एका वेळी एकच प्रश्न, तोही मोठ्या अक्षरात कागदावर, उत्तर हो-नाहीवर बोट ठेवून, आणि ते पुन्हा विचारून पक्कं करायचं, असं स्पष्ट मागा. रोजनाम्याची नक्कल काढा आणि सहीचा प्रश्न याच पद्धतीनं परत विचारावा, हेही त्याच अर्जात लिहा.

विट्याचा शेतकरी:
एवढं कशाला? कुलमुखत्यारपत्र करा, विषय संपला.

निवृत्त अव्वल कारकून:
मग अण्णा स्वतःच्याच प्रकरणातून बाहेर पडतात. त्यांची समज शाबूत आहे. सही त्यांची की नाही, हे त्यांनीच सांगायला हवं.

आणि ताई, मदतनीस तुम्ही नको. मालमत्तेच्या व्यवहारात मदत करणाऱ्याचं हित दिव्यांगाच्या हिताच्या आड येत असेल तर त्यानं बाजूला व्हावं, असं कलम 13 सांगतं. तुमचं तसं नसेलही, पण तुम्ही उद्याच्या वारस. समोरचा वकील नेमका तोच मुद्दा काढेल आणि अण्णांच्या खऱ्या उत्तरावरही संशय येईल.

बागवाली, तासगाव:
भजनी मंडळातले पेटीवाले काका चालतील? रोज संध्याकाळी येतात. ते अभंगाची ओळ धरतात आणि अण्णा पुढची बिनचूक म्हणतात, एरवी पाणी मागतानाही अडखळतात. काका उत्तराची वाट बघतात, मधे बोलत नाहीत. आमच्या जमिनीशी त्यांचा काही संबंध नाही.

निवृत्त अव्वल कारकून:
अगदी योग्य माणूस. त्यांचं नाव, वय, पत्ता अर्जात घाला. "ते अण्णांच्या वतीनं उत्तर देणार नाहीत, अण्णांना उत्तर द्यायला मदत करतील" हे वाक्य जरूर लिहा. नकार आला तर लेखी मागा, प्रांतांकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, अपिलात तो कामाला येतो. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, दिव्यांगांना तिथं उत्पन्नाची अट नाही.