पंचगंगेत मासे मेले, मग पाण्याचा रिपोर्ट ‘ठीक’ कसा?

नदीकाठचा (शिरोळ तालुका)
परवा पहाटे आमच्या बंधाऱ्याखाली मेलेल्या माशांचा खच पडला. आदल्या रात्री वरच्या बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) काढले होते. पाणी काळपट, उग्र वासाचं. तपासणीची माणसं दुपारी आली आणि बाटल्या भरून गेली. रिपोर्टात विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर! गावात कुणी म्हणतं कारखान्यानं मळीचं सांडपाणी सोडलं, कुणी म्हणतं मासे धरायला विष टाकलं. खरं कारण शोधायचं कसं?

भोईवाडा
दादा, कुठले मासे मेले? मरळ, मांगूर होते का त्यात? आणि मरायच्या आधी तोंड वर काढून आ वासत होते का?

नदीकाठचा
रोहू, कटला, तेही मोठे. मरळ एकही दिसला नाही. रात्री जाळी बघायला गेलेली पोरं सांगतात, मासे काठाला येऊन आ वासत होते.

पाणी-तपासनीस (निवृत्त)
भोईवाड्याच्या दादांनी नेमकं विचारलं. मरळ, मांगूर वरची हवा घेऊन तगतात. ते वाचले आणि मोठे रोहू-कटला गेले, तर माझा पहिला संशय ऑक्सिजन संपल्यावर. विष असतं तर सहसा बारकी पिल्लं आधी गेली असती आणि मरळही सुटला नसता.

उन्हाळ्यात ३० अंशाला स्वच्छ पाण्यातही लिटरला साडेसात मिलिग्रॅमच्या आसपासच ऑक्सिजन मावतो. दोनच्या खाली गेला की बहुतेक मासे गुदमरतात. डिस्टिलरीच्या (मळीपासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्याच्या) सांडपाण्याची बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन, लिटरला ४०,००० मिलिग्रॅमच्या वर असू शकते, घरगुती मैलापाण्याची दोन-तीनशे. बंधाऱ्यामागे साठलेलं असलं पाणी बरगे काढताच एकदम खाली येतं आणि वाटेतला ऑक्सिजन खाऊन पुढं निघून जातं. दुपारी ऊन पडतं, शेवाळ ऑक्सिजन सोडतं, आकडा सुधारतो. म्हणून तुमचा रिपोर्ट खोटा असेलच असं नाही. तो दुपारचा आहे, मासे पहाटे मेले. मला याचाच राग येतो: नदी वाहते, आणि आपण तिला कचेरीच्या वेळेत तपासतो.

पुढच्या वेळी उजाडायच्या आत नमुना घ्या. बंधाऱ्याच्या वर, मासे मेले तिथं आणि खाली, तिन्ही ठिकाणी. बाटलीत बुडबुडा राहू देऊ नका. काठावरच मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड घाला. तपकिरी गाळ बसला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर पाण्यात ऑक्सिजन नाही. हे तिथंच दिसतं, मोबाइलवर वेळेसह फोटो काढा. अझाइड विषारी आहे, हातमोजे हवेतच.

मासा कुजलेला नको, नुकताच मेलेला किंवा तडफडणारा हवा. कल्ले कापून १० टक्के फॉर्मेलिनमध्ये (नमुना कुजू न देणारं रसायन) ठेवा. कीटकनाशकाचा संशय असेल तर दुसरा मासा फॉइलमध्ये गुंडाळून बर्फात आणि पाणी काचेच्या बाटलीत, प्लास्टिक नको.

नदीकाठचा
हे कोर्टात चालेल का, सर?

पाणी-तपासनीस (निवृत्त)
कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना १९७४ च्या जल कायद्याच्या कलम २१ प्रमाणे अधिकाऱ्यानंच नोटीस देऊन, सील करून घ्यावा लागतो. तुमची बाटली त्याची जागा घेणार नाही. पण पहाटेच्या फोटोंसह लेखी तक्रार गेली, तर कुठल्या नाल्यापाशी आणि किती वाजता यायचं हे त्यांना सांगता येईल. बरगे कधी काढले याची पाटबंधारे खात्याकडची नोंद माहिती अधिकारात आजच मागा. रसायनं जवळच्या कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात मिळतील.

भोईवाडा
पहाटे नावेनं नमुना घ्यायला मी येतो, दादा. बरगे काढणार कळलं की रात्रीच फोन करा.