गुडघ्याच्या रिप्लेसमेंटमधलं बोन सिमेंट सुटतं का? घट्ट राहणं कशावर ठरतं?

चिंतातुर_लेक
मंडळी, आईचं (वय ६८) उजव्या गुडघ्याचं रिप्लेसमेंट ठरलंय. सर्जन म्हणाले सांधा बोन सिमेंटनी बसवणार, आणि तेव्हापासून माझ्या डोक्यात भुंगा लागलाय, कारण ओळखीतल्या एका काकांचा सांधा काही वर्षांतच सैल झाला आणि परत ऑपरेशन करावं लागलं, सगळे म्हणतात सिमेंट सुटलं. आता सिमेंटशिवाय बसवायचे सांधेपण मिळतात म्हणे, मग तेच का नको? हे सिमेंट हाडाला धरून कसं राहतं? नेटवर वाचून गोंधळ वाढलाच. कुणाला आतलं माहीत असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

हिरवा_गाऊन
ताई, मी ऑर्थोच्या ओटीत, म्हणजे हाडांच्या ऑपरेशन थिएटरमधे, सर्जनच्या हाताशी असणारी स्क्रब नर्स आहे, रोज बघते तेच सांगते. हे सिमेंट म्हणजे पीएमएमए, एक प्रकारचं अ‍ॅक्रिलिक, दातांच्या कवळीत वापरतात त्याच जातीतलं. पावडर वेगळी, लिक्विड वेगळं, मिसळलं की उग्र वास सुटतो, सुरुवातीला हाताला चिकटतं आणि ग्लोव्हला चिकटायचं थांबलं की कामाला घेतात. पण ते गोंदासारखं हाडाला चिकटत नाही हे आधी लक्षात घ्या. हाडाच्या आतल्या जाळीत शिरतं, तिथेच कडक होतं आणि अडकून बसतं. म्हणून सगळा जीव हाडाच्या तयारीत आहे. कापलेल्या हाडातलं रक्त आणि चरबी पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं, म्हणजे पल्स लव्हाजनं, धुऊन काढतात, मग कोरडं टिपतात आणि सिमेंट दाबून भरतात. खालच्या हाडात, टिबियात, ३-४ मिमी आत गेलं तर उत्तम. कमी गेलं तर पकड कच्ची, फार खोल गेलं तर उष्णतेनं हाडाला इजा व्हायची भीती आणि उद्या सांधा काढायची वेळ आली तर हाडही जास्त जातं.

सांधा बसला, बाहेर आलेलं जादा सिमेंट काढलं की पाय धरून सगळे नुसते थांबतो. उरलेला छोटा गोळा मी ट्रॉलीवर ठेवते आणि मधूनमधून दाबून बघते, आधी कोमट लागतो, मग चांगलाच तापतो आणि शेवटी ट्रॉलीवर आपटला की टक्क वाजतो. मिसळल्यापासून साधारण १०-१५ मिनिटं, ओटी थंड असेल तर जास्त. तोवर गुडघा वाकवून बघायचा नाही म्हणजे नाही, कारण त्या वेळात हलला तर हाडातली चरबी धातू आणि सिमेंटच्या मधे शिरते आणि पकड जाते. माझ्या मते सांध्याची अर्धी पुण्याई या काही मिनिटांत असते.

ऑर्थो_रेसिडेंट
ताईंनी छान लिहिलंय. थोडी भर घालतो. काकांचं सिमेंटच सुटलं असं धरून चालू नका. सांधा सैल होण्यामागे इन्फेक्शन असू शकतं, पायाची रेषा चुकल्यानं एकाच बाजूवर भार येत असू शकतो, किंवा मधल्या प्लॅस्टिकचे बारीक कण झिजून पडतात आणि शरीर त्यांच्याशी लढता लढता भोवतालचं हाडच खाऊन टाकतं. या शेवटच्या प्रकारात सिमेंट जागेवर असतं, त्याला धरणारं हाड गेलेलं असतं.

सिमेंटशिवायच्या सांध्यात धातूच्या खरखरीत पृष्ठभागात हाड वाढून शिरावं लागतं. त्यासाठी सुरुवातीचे काही आठवडे धातूचा भाग हाडावर जवळपास हलताच कामा नये, ५० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) आत हालचाल असेल तर हाड वाढतं, १५० च्या पुढे गेली की हाडाऐवजी मऊ तंतू तयार होतात आणि ते भार घेत नाहीत. तरुण, दणकट हाडाच्या पेशंटमधे तो पर्याय चांगलाच आहे, पण हाड ठिसूळ असेल तर मी स्वतः सिमेंटच्या बाजूनं. २०१९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात २५ वर्षांनीही ८२ टक्क्यांच्या आसपास पूर्ण रिप्लेसमेंट टिकलेली दिसली, तेव्हा धीर धरा. सर्जनना आईच्या हाडाची घनता कशी आहे ते मात्र जरूर विचारा. आणि बऱ्याच ठिकाणी सिमेंटमधे जेंटामायसिनसारखं अँटिबायोटिक असतं, तरी तेवढ्यावर विसंबून जखमेची काळजी ढिली सोडायची नाही.

जिना_उतरताना
आमच्या बाबांचा सांधा सैल झाला होता, म्हणून लिहितोय. खुर्चीतून उठल्यावर पहिली चार पावलं जबर दुखायची, मग चालता चालता कमी व्हायचं. आम्हाला वाटलं वयामुळे. एक्सरेत हाड आणि सिमेंटच्या मधे काळी रेघ दिसली, आधीच्या एक्सरेशी ताडून बघितल्यावर ती वाढतेय हे कळलं. इन्फेक्शन नाही ना हे बघायला सीआरपी ही रक्ताची तपासणी केली, सांध्यातलं पाणी काढून तपासलं, मगच पुढचं ठरलं. त्यामुळे ऑपरेशननंतरचा पहिला एक्सरे जपून ठेवा, पुढे तुलना त्याच्याशीच होते.

चिंतातुर_लेक
खूप खूप आभार सगळ्यांचे! एकच शंका, दुसऱ्याच दिवशी उभं करतात म्हणे, एवढ्या लवकर भार टाकला तर सिमेंट हलणार नाही?

हिरवा_गाऊन
नाही हलत. ओटीतून बाहेर येईपर्यंत ते कडक झालेलं असतं आणि दाब सहन करणं हेच त्याचं बलस्थान, त्यामुळे सर्जननी वेगळं काही सांगितलं नसेल तर वॉकर धरून आईंना खुशाल उभं करा. दुखेल ते टाके आणि सूज यामुळे, त्याला गोळ्या आणि बर्फ आहे. फक्त पडणार नाहीत एवढं बघा, बाथरूमला जाताना एकटं सोडू नका.