मदत हवी आहे: गोळीतलं औषध रक्तात किती पोचलं, २१ टक्के की २८?

नमस्कार मंडळी. बी. फार्म.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. परवा प्रॅक्टिकल आहे आणि एका गणितापाशी गाडी अडली आहे.

सरांनी नाव न सांगता एका औषधाचे आकडे दिलेत. ८० मिग्रॅची गोळी. प्लाझ्मातली पातळी, नॅनोग्रॅम प्रति मिलि: अर्ध्या तासाला ३०, एक तासाला ७०, दोनला ९०, चारला ६०, सहाला ४०, आठला २७. पुढे रक्त घेतलेलंच नाही. त्याच लोकांना १० मिग्रॅ शिरेतून दिलं, त्याची अनंतापर्यंतची एयूसी (पातळी-वेळ आलेखाखालचं क्षेत्र) २५० अशी तयार दिली आहे.

एक्सेलमध्ये ट्रॅपेझॉइड (आलेखाखालच्या समलंब तुकड्यांची बेरीज) लावून मी गोळीची एयूसी ४२९.५ काढली. दोन्ही डोसचा हिशेब धरून (४२९.५ × १०) भागिले (२५० × ८०), म्हणजे ०.२१. मैत्रिणीचं ०.२८ येतंय. म्हणते, "शेपूट विसरलीस."

दुसरं म्हणजे, सरांनी व्हायवात (तोंडी परीक्षेत) विचारलं, "उरलेलं औषध गेलं कुठे?" मी बेधडक सांगितलं, शोषलं नाही, शौचावाटे गेलं. सरांनी चष्मा काढून माझ्याकडे नुसतं बघितलं आणि पुढचा रोल नंबर पुकारला. माझं चुकलं काय?

प्रतिसाद १:
मैत्रीण बरोबर आहे. ६०, ४०, २७ बघ: दर दोन तासांनी दोन तृतीयांश उरतंय, म्हणजे के (औषध घटण्याचा दर) ताशी ०.२. शेवटचे २७ भागिले ०.२, झाले १३५. ही शेपूट, आठव्या तासानंतरचं क्षेत्र. एकूण ५६४.५, आणि एफ (रक्तात पोचलेला हिस्सा) ०.२८. शिरेतली एयूसी अनंतापर्यंतची आणि गोळीची आठच तासांची घेतलीस, मग गोळी हलकी भरणारच. तसं बघता शेपूट एकूण क्षेत्राच्या २४ टक्के झाली हेही फारच. बायोइक्विव्हॅलन्सच्या (दोन गोळ्या रक्तात सारख्याच पोचतात का, याच्या) अभ्यासात ती २० टक्क्यांच्या आत ठेवतात. बाराव्या तासाला एकदा रक्त घेतलं असतं तरी भागलं असतं.

(आमच्या आधीची मंडळी आलेख कागदावर काढून वक्राखालचा भाग कात्रीने कापायची आणि तराजूवर तोलायची. तुमचं एक्सेल म्हणजे चैन आहे.)

आता व्हायवा. शिरेतून १० मिग्रॅला एयूसी २५०, म्हणजे क्लिअरन्स (शरीर किती प्लाझ्मा औषधापासून साफ करतं ते) ताशी ४० लिटर. यकृतातून रक्त वाहतं ताशी साधारण ९० लिटर. औषध एकटं यकृतच साफ करतं आणि रक्तातली नि प्लाझ्मातली पातळी सारखीच, असं धरलं तर आतड्यातून रक्तात येतानाच्या पहिल्याच फेरीत यकृत ४४ टक्के खातं, ५६ सुटतं. ०.२८ भागिले ०.५६, म्हणजे ०.५. गोळीतलं निम्मं औषध यकृताच्या दारापर्यंत आलं होतं! त्या दाराच्या अलीकडेच गळलेलं निम्मं शोषलंच गेलं नाही की आतड्याच्या भिंतीतल्या एन्झाइमनी फोडलं, हे या दोन एयूसींवरून कळत नाही. प्रोप्रॅनोलॉल हे रक्तदाबाचं औषध जवळजवळ सगळं शोषलं जातं, तरी रक्तात पोचतं चौथ्या हिश्श्याच्या आसपास. तू सगळा आळ शौचावर घेतलास.

धागाकर्ती:
अरे देवा. मग आतड्यातले ते दोन वेगळे कसे करायचे?

प्रतिसाद १:
लघवी. दोन्ही मार्गांनी औषध देऊन लघवीतलं मूळ औषध आणि त्याचे सगळे मेटाबोलाइट (शरीरात फुटून झालेले पदार्थ) मोजायचे आणि डोसच्या प्रमाणात ताडून बघायचे. जे शोषलं गेलं आणि मग फुटलं, त्याचे तुकडे तिथे सापडतात.

धागाकर्ती:
शेपटीची ओळ घातली, ०.२८ आलं. लघवीचे आकडे सरांकडे आहेत का, उद्या विचारते. चष्मा काढायच्या आत.